मशीन दुसऱ्या टाकीला दम सोडते: आधी एअर फिल्टर बघा, मग कार्बोरेटरचा स्क्रू

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. झाड कापायची मशीन (चेनसॉ) सकाळी दोरीच्या दोन झटक्यांत सुरू होते आणि पहिली टाकी झकास जाते. दुसरी टाकी भरली की मात्र रेस घेत नाही. लाकडात घातली की बसते, धूर जास्त टाकते, प्लग काढला तर काळा आणि ओला निघतो. मग कुणीतरी कार्बोरेटरचा स्क्रू थोडा आवळतो आणि मशीन पुन्हा पळायला लागते. आठ-पंधरा दिवसांनी परत तेच, परत स्क्रू. असं करता करता एक दिवस मालक एअर फिल्टर स्वच्छ धुतो किंवा बाजारातून नवा आणून टाकतो, आणि त्याच दुपारी पिस्टन जाम होतो. सगळा राग नव्या फिल्टरवर निघतो, डुप्लिकेट माल दिला म्हणून.

माल चांगलाच असतो. आधी आवळलेला स्क्रू मशीन खातो. हे नीट समजलं तर निम्म्या मशिनी वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

साधा हिशेब करा. 50 सीसीची मशीन मिनिटाला 9,000 फेऱ्यांवर चालते तेव्हा हिशेबाने मिनिटाला 450 लिटर हवा ओढते. प्रत्यक्षात थोडी कमी, पण तरी प्रचंड. आणि ही हवा ती जिथून ओढते तिथेच चेन भुसा उडवत असते. फिल्टरवर भुशाचा थर बसला की इंजिनाला हवा कमी मिळते. ते जोर लावून ओढतं, आणि तो ओढा कार्बोरेटरच्या जेटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रावर, पडून पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येतं. हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणून काळा धूर आणि ओला प्लग. मिस्त्री आवाज ऐकून ओळखतो की पेट्रोल जास्त होतंय, आणि एच स्क्रू, म्हणजे पूर्ण रेसला पेट्रोल किती यावं ते ठरवणारा स्क्रू, आवळतो. त्याचं निदान बरोबर असतं, फक्त औषध चुकीच्या जागी लागतं. आता ही मशीन गुदमरलेल्या फिल्टरला जुळवलेली झाली. फिल्टर मोकळा केला की हवा पूर्ण येते, पेट्रोल मात्र आवळलेलंच राहतं. या मशिनी टू-स्ट्रोक असतात, त्यांत ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच येतं, म्हणजे पेट्रोल कमी झालं की ऑइलही कमी झालं. मे महिन्यात 42 अंशांच्या उन्हात असं इंजिन पूर्ण रेसवर किती वेळ टिकणार?

म्हणून क्रम पक्का धरा: फिल्टर स्वच्छ केल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. आणि आवळलेल्या स्क्रूची मशीन असेल तर फिल्टर धुतल्यावर स्क्रू परत जुळवल्याशिवाय लाकडात घालायची नाही.

फिल्टरचाच दोष आहे ना, हे आधी बघा

दम सोडण्याची आणखी तीन-चार कारणं अगदी अशीच दिसतात. टाकीच्या हवेचं छिद्र बुजलं तर आत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल येईनासं होतं. मशीन बसायला लागली की ती बंद करून टाकीचं झाकण सैल करा. "फुस्स" करून हवा आत गेली आणि नंतर मशीन नीट चालली, तर दोष तिथे आहे. टाकीतला पेट्रोल फिल्टर गाळाने भरला असेल तरी पूर्ण रेसवर मशीन अडखळते, पण तेव्हा प्लग कोरडा आणि पांढरट निघतो. एअर फिल्टर भरल्याची खूण याच्या उलटी, काळा ओला प्लग. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी बराच उलगडा होतो.

सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ती कार्बनने बुजली तर धूर बाहेर पडत नाही आणि मशीन हुबेहूब भरलेल्या फिल्टरसारखी वागते. दुचाकीचं फोर-स्ट्रोक ऑइल पेट्रोलमध्ये मिसळणाऱ्यांच्या मशिनीत ही जाळी लवकर बुजते. ते ऑइल जळण्यासाठी बनवलेलंच नसतं. टू-स्ट्रोकचं चांगलं ऑइल घ्या आणि पुस्तिकेत असेल तेच प्रमाण ठेवा. 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिली, 25 ला 1 म्हणजे लिटरला 40 मिली. अंदाजाने झाकणभर टाकू नका.

हे सगळं ठीक असेल तर फिल्टरकडे वळा. मशीन बंद, गार, चेनला ब्रेक. झाकण काढण्याआधी चोकची झडप बंद करा, म्हणजे झाकणावरचा भुसा थेट कार्बोरेटरच्या तोंडात पडणार नाही. झाकण काढायच्या आधी वरून ब्रश फिरवा. फिल्टर काढून उन्हाकडे धरा. जाळीचा असेल तर छिद्रं सगळीकडे दिसली पाहिजेत. फेल्टचा, म्हणजे बारीक लव बसवलेला, असेल तर उजेड एकसारखा झिरपला पाहिजे. तेलकट तपकिरी डाग असलेल्या जागी उजेड येत नसेल तर तो भाग मेला आहे, नुसता झटकून भागणार नाही.

फिल्टर एवढ्या लवकर का भरतो

खरा मुद्दा इथे आहे. फिल्टर भरतोय म्हटल्यावर लोक मोठा फिल्टर शोधतात, झाकणाला भोकं पाडतात. त्याआधी कापलेल्या खोडाखालचा मूठभर भुसा तळहातावर घेऊन बघा. धार असलेली चेन ढलप्या काढते, बोटांच्या चिमटीत उचलता येतील अशा चौकोनी, जाडसर. बोथट चेन पीठ काढते. पीठ हलकं असतं, हवेत तरंगतं आणि सरळ फिल्टरवर जाऊन बसतं. चेन बोथट असेल तर माणूस मशीन दाबतो आणि एकाच कापाला दुप्पट वेळ पूर्ण रेस देतो. म्हणजे धूळही जास्त आणि ओढाही जास्त. तळहातावर पीठ दिसलं की फिल्टरचा विषय बाजूला ठेवा आणि कानस घ्या.

बाजारात आपल्याकडे जास्त खपणाऱ्या 52 आणि 58 सीसीच्या मशिनींना बहुतेक .325 पिचची (चेनच्या कड्यांच्या अंतराचं माप, इंचात) चेन असते. तिला 4.8 मिमीची गोल कानस लागते. दात एकाच दिशेने, आतून बाहेर, प्रत्येकाला सारखे फेरे. बाहेरून आत ओढलेली कानस धार लावत नाही, मोडते. दातापुढचा छोटा उंचवटा दातापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली असला पाहिजे. दात घासून घासून छोटा होतो आणि तो उंचवटा तसाच उंच राहतो, तेव्हा धार असूनही चेन पीठच काढते. हे बरेच जण विसरतात. धार लावून आलेली चेनसुद्धा पीठ काढत असेल तर त्या उंचवट्यावर चपटी कानस मारा.

आपल्या भागात चेन बोथट व्हायला फार वेळ लागत नाही, त्याला कारण लाकूड कमी आणि माती जास्त. गोदाकाठ, सिंदफणा, दुधना, मांजरा, जायकवाडीच्या कालव्यांच्या कडा, सगळीकडे वेडी बाभूळ माजलेली आहे. ती बुडाशी अनेक फांद्यांनी फुटते, आणि पुन्हा फुटू नये म्हणून लोक अगदी जमिनीलगत कापतात. पुराच्या पाण्याने सालीच्या भेगांत बसलेला गाळ वाळून दगड झालेला असतो. चेन एकदा त्यातून गेली की धार गेलीच. वरून काळ्या मातीचा फुफाटा. ही माती इतकी बारीक असते की साध्या नायलॉन जाळीच्या फिल्टरमधून तिचा काही भाग आरपार जातो. म्हणून बुडाशी काप घेण्याआधी कुऱ्हाडीने तिथली साल उतरवून घ्या. दोन मिनिटं जातात, पण चेन आणि फिल्टर दोन्ही वाचतात. एप्रिल-मेमध्ये माती उडत असेल तर बुडाशी बादलीभर पाणी मारलं तरी फरक दिसतो.

वाळलेल्या मोसंबीच्या बागा तोडताना वेगळी अडचण येते. पाण्याअभावी जागेवर वाळलेलं मोसंबीचं लाकूड कडक असतं आणि त्याचा भुसा मुळातच बारीक पडतो. धारदार चेनसुद्धा तिथे ओल्या सुबाभळीसारख्या ढलप्या काढणार नाही. अशा कामावर फिल्टर प्रत्येक टाकीला झटकायचा, एवढंच खरं. खोडाची उभी चिराई करणाऱ्यांनाही हेच लागू.

तेलकटपणाचं एक कारण आतून येतं. मशीन बंद होताना किंवा कमी रेसवर उगाच चालू ठेवली की कार्बोरेटरमधून पेट्रोल-ऑइलचे बारीक शिंतोडे उलटे फिल्टरवर येतात. त्यावर भुसा बसला की चिकटा होतो. एका फांदीवरून दुसरीकडे जाताना पाच-पाच मिनिटं मशीन नुसती धडधडत ठेवायची सवय सोडा, बंद करा. गरम मशीन एका दोरीत सुरू होते.

धुवायचा कसा

रोजचं काम सोपं आहे. मऊ ब्रशने झटका, आणि फिल्टर हातात हलकेच आपटा, खोडावर नाही. कडा वाकली की फिल्टर संपला. आठवड्यातून एकदा, किंवा उजेड येईनासा झाला की, कोमट पाण्यात कपड्याची पावडर टाकून धुवा. पाणी आतल्या बाजूने सोडा, म्हणजे घाण जशी आली तशी बाहेर जाते. मग सावलीत पूर्ण वाळू द्या. ओला फिल्टर भरलेल्या फिल्टरइतकाच वाईट, हवा अडवतो. फेल्टच्या फिल्टरला उन्हाळ्यातही वाळायला वेळ लागतो, म्हणून दोन फिल्टर ठेवा. एक मशिनीवर, एक खिशात. हा खर्च कुणी टाळू नये असं मला वाटतं. दिवसाची मजुरी बुडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

पेट्रोलने फिल्टर धुऊ नका. आग लागण्याचा धोका आहेच, शिवाय फेल्टचं बारीक लव ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं तो सुटतो. घड्यांचा कागदी फिल्टर असेल तर त्याला पाणीही नको, फक्त झटका आणि वेळेवर बदला. हाय-डेन्सिटी म्हणून मिळणारे काही घड्यांचे फिल्टर मात्र धुता येतात, त्यामुळे पुस्तिकेत बघून घ्या. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर ही सर्वांत मोठी भानगड. तिथली हवा टायरसाठी असते. नळी फिल्टरला टेकवून सोडली की लव उडतं, जाळीला डोळ्याला न दिसणारी फट पडते, आणि फिल्टर "एकदम नव्यासारखा" दिसतो. हवा मारायचीच असेल तर वीतभर लांबून, आतून बाहेर, हलकी.

भरलेल्या फिल्टरपेक्षा फुटका फिल्टर वाईट

भरलेला फिल्टर ओरडून सांगतो. फुटका फिल्टर गप्प राहतो, उलट मशीन छान पळते, आणि आतून इंजिन घासलं जातं. टू-स्ट्रोकमध्ये हवा आधी पिस्टनखालच्या क्रँकच्या खोलीत जाते, मग पिस्टनच्या वर. म्हणजे माती पहिल्यांदा बेअरिंगला आणि पिस्टनच्या कार्बोरेटरकडच्या बाजूला लागते. दर वेळी फिल्टर काढला की पांढरं फडकं बोटाला गुंडाळून कार्बोरेटरच्या तोंडातून फिरवा. फडकं स्वच्छ आलं पाहिजे. करकरीत माती लागली तर फिल्टर फाटलाय किंवा कडेने हवा आत जातेय.

कडेची गळती शोधायला फिल्टर जिथे टेकतो त्या कडेवर ग्रीसचा अगदी पातळ थर फिरवा आणि एक टाकी काम करा. काढल्यावर ग्रीसवर बाहेरच्या बाजूलाच धूळ असेल तर बसणी चांगली. धुळीची रेघ आतपर्यंत गेली असेल तर तिथूनच वाट आहे. दोन भाग एकमेकांत बसणाऱ्या नायलॉन फिल्टरमध्ये ही वाट बहुतेक वेळा जोडावर सापडते, कारण घाईत तो पूर्ण दाबून बसवलेला नसतो. तोच ग्रीसचा थर पुढे कायम ठेवला तरी चालतो. माती धरून ठेवतो. फक्त दर धुण्याला पुसून नवा लावा.

मशीन जाम झालीच असेल तर ब्लॉक (सिलिंडर) बदलण्याआधी पिस्टन हातात घेऊन बघा. रेघा सायलेन्सरकडच्या बाजूला असतील तर पेट्रोल-ऑइल कमी पडून पिस्टन तापला, म्हणजे सेटिंग. कार्बोरेटरकडची बाजू मळकट, राखाडी, घासलेली असेल तर मातीने खाल्लं, म्हणजे फिल्टर. कारण न शोधता नवा ब्लॉक-पिस्टन टाकला तर पुढच्या हंगामात तोच खर्च परत.

बदल करायचे तर कोणते

झाकणाला भोकं पाडणं मला पटत नाही. झाकण फक्त पावसापासून वाचवत नाही, ते भुशाची वाट वळवतं. भोकं पाडली की चेनचा भुसा सरळ फिल्टरच्या तोंडावर येतो. पहिली दहा मिनिटं मशीन मोकळी वाटते, नंतर आधीपेक्षा लवकर बसते. फिल्टर काढून चालवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. काळ्या मातीत ते इंजिनात पॉलिश पेपर फिरवण्यासारखं आहे.

गादीचा फोम कापून बसवणारेही बरेच आहेत. तो फोम पेट्रोल-ऑइलने कुजतो, तुकडे सुटतात आणि आत जातात. फोमच वापरायचा तर एअर फिल्टरसाठी बनवलेला घ्या. धुऊन, वाळवून फिल्टर ऑइलचे थेंब टाका, मुठीत दाबून सगळीकडे पसरवा आणि जास्तीचं पिळून काढा. निथळणारा फोम हवा अडवतो.

पटणारे बदल तीन. तुमच्या मॉडेलला फेल्टचा फिल्टर मिळत असेल तर नायलॉन जाळीऐवजी तो घ्या. थोडा लवकर भरतो, पण काळी माती अडवतो, आणि आपल्याकडे तेच महत्त्वाचं. दुसरा, फिल्टरवर पातळ नायलॉनचा पायमोजा ताणून बसवा. मोठा भुसा बाहेरच अडतो आणि झटकला की पडतो, आतला फिल्टर जास्त टिकतो. मोजा कडेत अडकून फिल्टरची बसणी उचलणार नाही एवढी काळजी घ्या, नाहीतर केलेला उपाय गळती बनतो. तिसरा, काही मशिनींत झाकणाखाली थंडी-उन्हाळ्याची छोटी पट्टी असते. थंडीच्या बाजूला केली की ब्लॉककडची गरम हवा कार्बोरेटरकडे येते. ती पारा साधारण 10 अंशांच्या खाली असताना कार्बोरेटर गोठू नये म्हणून दिलेली असते. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा तिथवर उतरतो खरा, पण कामाला लागेपर्यंत ऊन चढतं. ती पट्टी बारा महिने उन्हाळ्याच्या बाजूलाच ठेवा. चुकून उलटी राहिलेली पट्टी मे महिन्यात मशिनीचा दम खाते.

नवी मशीन घेणार असाल तर फिल्टरकडे हवा कुठून येते ते विचारा. हुस्क्वार्नाच्या बऱ्याच मशिनींत पंख्याच्या फिरण्याने जड भुसा आधीच बाहेर फेकला जातो. स्टिलच्या अनेक मशिनींत कार्बोरेटरला असा जोड दिलेला असतो की फिल्टर थोडा भरला तरी पेट्रोलचं प्रमाण फारसं बिघडत नाही. महाग पडतात, पण रोज मजुरीवर मशीन चालवणाऱ्याला हा फरक वसूल होतो.

सेटिंग, सगळ्यात शेवटी

फिल्टर स्वच्छ आणि कोरडा, चेन धारदार, टाकीत ताजं मिश्रण. एच स्क्रू पुस्तिकेतल्या मूळ जागेवर आणा. बऱ्याच मशिनींत तो पूर्ण हलकेच बंद करून साधारण एक फेरा उघडा असा असतो. जोरात आवळू नका, टोक खराब होतं. मशीन गरम करा. आता लाकडाबाहेर पूर्ण रेस द्या, दोन-तीन सेकंद, जास्त नाही. आवाजात थोडी फडफड आली पाहिजे. लाकडात घातल्यावर ती फडफड जाऊन आवाज एकसारखा व्हायला हवा. लाकडाबाहेरही आवाज शिट्टीसारखा बारीक आणि स्वच्छ येत असेल तर पेट्रोल कमी आहे, लगेच रेस सोडा आणि स्क्रू एक-अष्टमांश फेरा उघडा. लाकडातही फडफड राहत असेल तर तेवढाच आवळा. प्रत्येक वेळी एवढंच, आणि मग परत ऐका. लहान मुलं आणि बघे लांब ठेवा, चेन फिरत असते.

एवढं सगळं करूनही मशीन कधी आपोआप जास्त रेस घेते, किंवा रेस सोडल्यावर आवाज हळूहळू खाली येतो, तर हवा फिल्टर टाळून आत येतेय. कार्बोरेटरमागचं रबरी बूट चिरलेलं असतं किंवा क्रँकचं ऑइल सील गेलेलं असतं. तिथे स्क्रूने काही जमत नाही. मशीन त्याच क्षणी थांबवा आणि मिस्त्रीकडे नेताना फिल्टरही सोबत न्या, तसाच न धुतलेला. त्याच्यावरची घाण कुठे बसलीय ते बघून मिस्त्रीला बरंच कळतं.